चौकोनावर वाटोळें : विजापूर कसें पाहावें

विजापूर हें नांव उच्चारलें कीं मराठी माणसाच्या डोळ्यांपुढें दोन गोष्टी उभ्या राहतात. एक, भर दरबारांत विडा उचलणारा अफझलखान. आणि दुसरी, एका हाकेला सात वेळां उत्तर देणारा गोलघुमट. पहिली गोष्ट आपण शाळेंत शिकतों, दुसरी सहलीला जाऊन अनुभवतों. या दोहोंपलीकडे त्या शहरांत पाहण्यासारखें काय आहे, आणि तें कोणत्या क्रमानें पाहिलें असतां कळतें, एवढेंच आज मी आपणांस सांगणार आहें. मी स्थापत्यशास्त्रज्ञ नव्हे. मराठी शाळेंत इतिहास आणि भूमिति शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें असा एक शिक्षक आहें. तेव्हां माझें विवेचन फळ्यावरच्या आकृतीसारखें साधें असेल. तें आपण गोड मानून घ्यावें.

प्रथम एक कबुली देतों. सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं सातवीच्या मुलांची सहल घेऊन मी विजापुरास गेलों होतों. आमची मोटार थेट गोलघुमटापाशीं थांबली. मुलें जिना चढून वर गेलीं, सज्जांत शिरलीं आणि दोन तास ओरडत राहिलीं. कोणी स्वतःचें नांव पुकारलें, कोणी माझें पुकारलें, कोणी नुसतीच शीळ घातली. मींही एकदां टाळी वाजवून पाहिली. मग खालीं उतरून आम्ही डबे सोडले, मुलुखमैदान तोफेपाशीं छायाचित्र काढलें आणि दिवेलागणीपूर्वीं परत फिरलों. परतीच्या वाटेवर, वर्गांत सहसा न बोलणारा एक मुलगा माझ्या बाकापाशीं येऊन म्हणाला, “गुरुजी, खालची खोली चौकोनी होती आणि वरचा घुमट वाटोळा. मग चार कोपऱ्यांवर तो टेकलाय कशावर?”

मला उत्तर येत नव्हतें. तें तसें सांगण्याचें धैर्यही मजजवळ नव्हतें. मीं म्हटलें, “बाळ, पूर्वींचे कारागीर फार हुशार होते.” मुलगा गप्प झाला व आपल्या जागीं जाऊन बसला. मुलें अशा उत्तराला उत्तर समजत नाहींत. गुरुजींना विचारण्यांत अर्थ नाहीं, एवढेंच त्यावरून समजतात. तो प्रश्न माझ्या मनांत राहिला. सेवानिवृत्त झाल्यावर मीं ठरविलें कीं एकवार विजापुरास जाऊन त्याचें उत्तर शोधावयाचें. आमच्या गांवीं एक वृद्ध गवंडी आहेत. जुने वाडे दुरुस्त करण्यांत आणि घाणीचा चुना वापरण्यांत त्यांची हयात गेली. त्यांना बरोबर घेतलें, आणि आम्ही दोघांनीं तीन दिवस तें शहर पायीं पालथें घातलें.

सोलापुराहून विजापूर शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. इ. स. १९५६ पर्यंत तें मुंबई राज्यांत होतें; आतां तें कर्नाटकांत असून २०१४ सालापासून त्याचें सरकारी नांव विजयपुर असें झालें आहे. भोंवतालचा मुलूख सपाट, झाडें विरळ. त्यामुळें गोलघुमट फार दुरूनच दिसूं लागतो. रेल्वेचें स्थानकही त्याच अंगाला आहे. परिणाम असा होतो कीं येणारा प्रत्येक प्रवासी प्रथम तिकडेच धांव घेतो. पुस्तकाचें शेवटचें प्रकरण आधीं वाचावें आणि मग मागचीं पानें कंटाळवाणीं वाटावींत, तशी त्याची गत होते. म्हणून माझी पहिली सूचना ही कीं, गोलघुमटाला दुरून नमस्कार करावा व शहराच्या मध्याकडे चालूं लागावें.

क्रम समजण्यापुरता थोडा इतिहास सांगतों. आदिलशाहीची स्थापना १४९० च्या सुमारास झाली आणि १६८६ त औरंगजेबानें ती बुडविली. या दोनशें वर्षांतील चार राजांचीं नांवें आपण लक्षांत ठेवावीं, म्हणजे पुरे. पहिला अली, हा १५५८ त गादीवर आला. त्याच्यामागून दुसरा इब्राहीम, यानें १५८० पासून १६२७ पर्यंत राज्य केलें. त्याचा पुत्र महंमद, याची कारकीर्द १६२७ ते १६५६. आणि त्यानंतर दुसरा अली, हा १६७२ त वारला. आपले शहाजीराजे १६३६ च्या तहानंतर ज्याच्या चाकरींत शिरले तो हा महंमद आदिलशहा, आणि ज्याच्या दरबारांतून १६५९ त अफझलखान निघाला तो हा दुसरा अली. या चौघांच्या इमारती ज्या क्रमानें झाल्या त्याच क्रमानें पाहावयाच्या, हा माझा सारा विचार आहे.

तर मग आरंभ गगनमहालापासून करावा. हा किल्ल्याच्या आंत, म्हणजे शहराच्या पोटांतल्या जुन्या राजवाड्यांच्या आवारांत आहे. पहिल्या अलीनें तो १५६१ च्या सुमारास बांधला. आंतील लांकडी खांब आणि मजले केव्हांच नाहींसे झाले आहेत. उरली आहे ती समोरची भिंत, आणि तिच्यांत तीन कमानी. मधली साठ फुटांहून अधिक रुंद, बाजूच्या दोन्ही अरुंद. पुष्कळ प्रवासी येथें पडीक भिंत म्हणून पाहातात व पुढें जातात. आम्ही मात्र तिच्यासमोर तासभर बसलों.

मिस्त्रींनीं मला विचारलें, “गुरुजी, साठ फूट लांबीची शिळा दोन खांबांवर आडवी टाकली तर काय होईल?” मीं म्हटलें, “मोडेल.” “कोठून मोडेल?” याचें उत्तर मला ठाऊक नव्हतें. तें त्यांनीं दिलें. दगड दाबाला भितो असें नाहीं. त्याच्यावर केवढेंही ओझें ठेवा, तो सोशील. पण त्याला ताण सोसवत नाहीं. आडवी शिळा आपल्याच वजनानें मध्यें किंचित् वांकूं पाहते, तिच्या खालच्या अंगाला ताण बसतो, आणि तेथेंच तिला चीर जाते. आपल्या जुन्या दगडी देवळांत खांब इतके दाट कां असतात, त्याचें कारण हेंच आहे. कमानींत ही अडचण उरत नाहीं, कारण तींतला प्रत्येक दगड शेजारच्या दगडावर रेलतो. सगळा दाबच दाब, ताण कोठेंच नाहीं. पण याची किंमत द्यावी लागते. रेललेली कमान आपले दोन्ही पाय बाहेर रेटीत असते. दोन पाट एकमेकांस टेकवून जमिनीवर उभे केले तर त्यांचे तळ घसरूं लागतात, तसा हा प्रकार आहे. आमच्या मिस्त्रींनीं गवंड्यांची एक जुनी म्हण सांगितली, “कमान कधीं झोंपत नाहीं.” तिचा रेटा रात्रंदिवस चालू असतो, त्याला तोडीस तोड असा उलट रेटा कोणीतरी द्यावा लागतो. गगनमहालाच्या मोठ्या कमानीला तो शेजारच्या दोन अरुंद कमानी आणि त्यांच्या बाहेरची भिंत देते. हा पहिला धडा. तो पक्का केल्याशिवाय पुढें जाऊं नये.

दुसरा धडा जामा मशिदींत. इ. स. १५६५ त तालिकोटच्या लढाईंत विजयनगरचा पाडाव झाला. त्यानंतर पहिल्या अलीनें हिचें काम सुरू केलें. आंत शिरतांच आपण मोठेपणानें नव्हे, तर शांततेनें थक्क होतों. चुन्यानें पांढऱ्या झालेल्या भिंती, जाड चौकोनी खांब, आणि एकामागून एक दूरवर जाणाऱ्या कमानी. प्रार्थनेच्या दालनांत रुंदीला नऊ आणि खोलीला पांच असे पंचेचाळीस खण होतात. त्यांपैकीं मधल्या नऊ खणांमधले चार खांब गाळून तेवढी जागा मोकळी केली आहे, आणि तिच्यावर मोठा घुमट चढविला आहे. म्हणजे येथें त्या मुलाचा प्रश्न प्रथमच आपल्यापुढें उभा राहतो. खालीं चौरस, वर वर्तुळ. मग मधला सांधा कसा जुळविला?

मशिदीच्या त्या दालनांत उभें राहून वर पाहिलें कीं उत्तर दिसतें. पण तें शब्दांनीं सांगणें कठीण आहे. म्हणून आपणांपैकीं ज्यांच्या हाताशीं कागद आणि पेन्सिल असेल त्यांनीं मी सांगतों तशी आकृति काढावी. प्रथम एक मोठा चौरस काढा. त्याच्या प्रत्येक बाजूवर दोन खुणा करा. दर खूण जवळच्या कोपऱ्यापासून, बाजूच्या तिसऱ्या हिश्श्याहून किंचित् कमी अंतरावर. चार बाजूंवर मिळून आठ खुणा झाल्या. आतां एक खूण घ्या, पुढची सोडा, आणि तिसरी पहिलीला रेषेनें जोडा. असें एकाआड एक जोडीत गेलां कीं चार रेषांत आपण पुन्हां पहिल्या खुणेवर याल, व तिरपा असा एक चौरस तयार होईल. उरलेल्या चार खुणा अशाच जोडा; उलट बाजूस कललेला दुसरा चौरस होईल. आतां आकृतीकडे पाहा. दोन चौरस एकमेकांत अडकले आहेत, आणि त्यांच्या मध्यभागीं आपोआप एक अष्टकोन उमटला आहे. चौकोनापेक्षां अष्टकोन वर्तुळाच्या किती जवळचा आहे, हें सांगावयास नकोच.

कागदावरची ही प्रत्येक रेषा म्हणजे प्रत्यक्षांत एक कमान आहे, असें समजा. अशा आठ कमानी खोलीचे कोपरे ओलांडून, एकमेकींना छेदीत वर चढतात. त्यांच्या मधल्या जागा चुना-बांधकामानें भरून काढलेल्या आहेत, आणि हा सारा भाग वर जातां जातां पुढें, म्हणजे खोलीच्या मध्याकडे झुकत येतो. त्याच्या माथ्यावर एक वाटोळी कड मिळते, आणि त्या कडेच्या आधारानें घुमट उभा राहतो. मुलानें विचारलें होतें, कोपऱ्यांवर तो कशावर टेकला आहे? तो कोपऱ्यांवर टेकलेलाच नाहीं. कोपऱ्यांच्या अलीकडूनच त्या आठ कमानींनीं त्याला झेलला आहे. इतकें साधें उत्तर होतें, आणि तें देण्यास मला पंचवीस वर्षें लागलीं.

तिसरें स्थळ इब्राहीम रोजा. हें शहराच्या पश्चिम तटाबाहेर आहे. वाटेंत तटाच्या बुरुजावर मुलुखमैदान तोफ लागते. ती १५४९ त अहमदनगरास ओतली गेली, एवढें मराठी प्रवाशांनीं तिच्याजवळ उभें राहून आठवावें व पुढें व्हावें. रोजाच्या आवारांत एकाच ओट्यावर समोरासमोर दोन इमारती आहेत, एक समाधि आणि दुसरी मशीद, मध्यें हौद. राणी ताज सुलताना हिच्यासाठीं काम सुरू झालें आणि १६२७ त वारलेला दुसरा इब्राहीम तिच्यासह तेथें विसांवला. ज्याच्या देखरेखीखालीं हें काम झालें त्या मलिक संदल याचें नांव तेथील शिलालेखांत आहे. राजाच्या समाधीवर काम करवून घेणाराचें नांव कोरलेलें पाहून मला मोठें समाधान वाटलें.

ही इमारत मोठी नाहीं, पण नाजूक आहे. खिडक्यांतल्या दगडी जाळ्या पाहाव्यात. त्या नक्षीच्या नसून अक्षरांच्या आहेत. दगड पोखरून अरबी ओळी कोरल्या आहेत, आणि आंत येणारा उजेड त्या अक्षरांमधून झिरपून येतो. पण आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचें आहे तें आंतल्या खोलीचें छत. खोली सुमारें चाळीस फूट चौरस, मध्यें एकही खांब नाहीं, आणि छताचा मधला भाग मात्र सपाट. शिळा एकमेकींच्या कडेला कडा लावून बसविल्या आहेत, आणि खालून पाहणाराला त्यांचा आधार दिसत नाहीं. येथें मला मिस्त्रींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. ते पुष्कळ वेळ वर पाहात राहिले आणि म्हणाले, “गुरुजी, हें दगडाचें काम नव्हे, चुन्याचें आहे.” शिळांच्या सांध्यांत भरलेला चुना इतका कसदार आहे कीं सगळें छत जणूं एकाच फळीचें झालें आहे. चांगला चुना भिजवून, मळून, मुरवून तयार करण्यास दिवस लागतात, आणि बांधल्यावरही तो वर्षानुवर्षें घट्ट होत जातो, असें ते सांगत होते. हा तिसरा धडा. गोलघुमटाचें अर्धें रहस्य यांत आहे.

आतां, श्रोतेहो, आपण गोलघुमटाकडे जाण्यास पात्र झालों. समोरच्या नगारखान्याच्या इमारतींत १८९२ पासून वस्तुसंग्रहालय आहे. तें उतरत्या उन्हासाठीं राखून ठेवावें आणि सकाळीं दार उघडतांच प्रथम आंत जावें. आंत गेल्यावर वर चढण्याची घाई करूं नये. जमिनीवरच, एका भिंतीला पाठ लावून, निदान अर्धा तास उभें राहावें. खोलीची प्रत्येक बाजू आंतून सुमारें १३५ फूट आहे. मध्यें एका ओट्यावर, लांकडी मेघडंबरीखालीं, महंमद आदिलशहा आणि त्याचीं माणसें यांचीं थडगीं आहेत. खरीं दफनें त्याखालच्या तळघरांत आहेत. दक्षिणेच्या दारावरील फारशी लेखांत त्याच्या मृत्यूचें वर्ष तीन निरनिराळ्या वाक्यांतून गुंफलेलें आहे. नजर तेथून भिंतीवर न्यावी. जामा मशिदींत पाहिलेल्या त्याच आठ कमानी, तसेच एकमेकींना छेदणारे दोन चौरस. फक्त आतां ते प्रचंड झाले आहेत. तेथें जें अक्षर गिरविलें होतें तें येथें मोठ्या हातानें लिहिलें आहे.

घुमटाचा आंतील व्यास सुमारें १२४ फूट, आणि त्याच्या कवचाची जाडी सुमारें दहा फूट. तो विटांचा आहे. विटांचे आडवे थर कसदार चुन्यांत बसवीत नेल्यामुळें आज तो अनेक विटांचा समूह राहिलेला नसून एक अखंड कवच झाला आहे. रोजाच्या छतांत जो चुना पाहिला त्याचीच ही करामत. पण कमान झोंपत नाहीं, हें आपण विसरलों नाहीं. आणि घुमट म्हणजे तरी काय, चोहोंकडे फिरविलेली कमानच. एवढें ओझें खालच्या भिंतींना बाहेर रेटणार. त्याला उलट रेटा कोणी द्यावयाचा? येथेंच त्या कारागिरांची खरी बुद्धिमत्ता दिसते. कमानींच्या मधला जो भाग खोलीच्या आंत झुकत येतो, त्याचें स्वतःचें वजन भिंतींना आंतल्या बाजूस ओढीत असतें. घुमट बाहेर रेटतो आणि हा झुकलेला भाग आंत ओढतो. तागडीच्या दोन पारड्यांप्रमाणें एका वजनानें दुसरें वजन तोललें आहे. यूरोपांतल्या कित्येक मोठ्या घुमटांना जें काम लोखंडी सांखळ्यांकडून करवून घ्यावें लागलें, तें येथें बांधकामाच्या आकारानेंच पुष्कळसें साधलें आहे.

येथें एक गैरसमज दूर करतों. गोलघुमट हा जगांतला दुसऱ्या क्रमांकाचा घुमट, असें वाटाडे सांगतात, आणि मींही मुलांना तसेंच सांगितलें होतें. तें बरोबर नाहीं. केवळ व्यासानें पाहिलें तर रोमचें प्राचीन पँथिऑन, फ्लॉरेन्सचें मुख्य देवालय आणि रोमचेंच सेंट पीटर, या तिघांचे घुमट याच्याहून मोठे आहेत व आधींचे आहेत. विसाव्या शतकांत तर लोखंड आणि काँक्रीट यांच्या बळावर कितीतरी मोठे घुमट झाले. पण एक गणित करून पाहा. पँथिऑनचा व्यास १४२ फूट. त्या वर्तुळाचें क्षेत्रफळ होतें सुमारें १५,८०० चौरस फूट. गोलघुमटाचा व्यास लहान, पण खालीं वर्तुळ नसून १३५ फुटांचा चौरस आहे. त्याचें क्षेत्रफळ १८,००० चौरस फुटांहून अधिक भरतें. लहान घुमटाखालीं मोठी जागा! हा नफा कोठून आला? त्या चार कोपऱ्यांतून, आणि कोपरे ओलांडणाऱ्या त्या आठ कमानींतून. खोट्या मोठेपणापेक्षां हा खरा मोठेपणा अधिक सांगण्यासारखा नाहीं काय?

आतां जिना चढावा. चारी कोपऱ्यांना सात मजली अष्टकोनी मनोरे आहेत, आणि जिने भिंतींच्या जाडींतून गोल फिरत वर जातात. ज्यांचे गुडघे माझ्यासारखे असतील त्यांनीं प्रत्येक मजल्यावर बसून खिडकींतून शहर पाहात पाहात चढावें. गच्चीवरून आपण घुमटाच्या पोटांत, त्या प्रसिद्ध सज्जांत प्रवेश करतों. तो सुमारें अकरा फूट रुंद असून जमिनीपासून एकशेंदहा फुटांच्या आसपास उंच आहे. येथें एक टाळी वाजवावी, एकच, आणि थांबावें. समोरची भिंत १२४ फूट दूर. आवाजानें जाऊन परत येण्याचें अंतर सुमारें २५० फूट. आवाज एका सेकंदांत अकराशें फुटांहून थोडें अधिक चालतो. म्हणजे पहिला प्रतिध्वनि सेकंदाच्या पांचव्या हिश्श्याहून किंचित् अधिक काळानें परत येतो. दोन आवाज वेगळे ओळखण्यास कानाला याच्या निम्मा वेळ पुरतो, म्हणून आपल्याला प्रत्येक प्रतिध्वनि सुटा ऐकूं येतो. सात वेळां ही केवळ बोलण्याची पद्धत झाली. निवांत वेळीं मीं दहापर्यंत मोजले.

परंतु प्रतिध्वनीहून नवलाची गोष्ट निराळीच आहे, आणि ती आमच्या मुलांनीं ऐकलीच नव्हती. मिस्त्री समोरच्या टोंकाला जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले. मी अलीकडे भिंतीला कान लावून बसलों. त्यांनीं अगदीं हळू, शेजाऱ्यालाही ऐकूं जाणार नाहीं इतक्या हळू, विचारलें, “गुरुजी, तंबाखूची चंची तुमच्याकडे राहिली काय?” तें सव्वाशें फुटांवरून मला स्पष्ट ऐकूं आलें. असें कां होतें? भिंतीला लागून निघालेला आवाज वांकलेल्या भिंतीवर थोड्या थोड्या अंतरानें आपटत, तिला चिकटून पुढें सरकतो. तो मोकळ्या जागेंत पसरत नाहीं, म्हणून लवकर विरतही नाहीं. लंडनच्या सेंट पॉल देवालयांतल्या अशाच सज्जावरून लॉर्ड रॅले यांनीं ही उपपत्ति मांडली. आपले चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ त तो सज्जा तपासला, आणि १९२२ त प्रसिद्ध केलेल्या निबंधांत भारतांतल्या अशा जागांचा, व त्यांत या गोलघुमटाचाही, विचार केला.

पण ही कुजबूज ऐकूं येण्यास एक अट आहे. दुसरें कोणी ओरडतां कामा नये. सकाळचा पहिला अर्धा तास सरला कीं सहलींचे थवे वर येतात, आणि मग त्या सज्जांत कल्लोळाखेरीज कांहींही उरत नाहीं. आमच्याही वेळीं तसेंच झालें. मला राग आला, आणि लगेच आठवलें कीं पंचवीस वर्षांपूर्वीं हाच कल्लोळ मीं स्वतः घेऊन आलों होतों. त्या दिवशीं कोणीतरी म्हातारा भिंतीला कान लावून बसला असेल, आणि आम्ही त्याची सकाळ नासली असेल. भिंतींवर नांवें खरडणारांना आपण दोष देतों, तो योग्यच आहे. परंतु आरडाओरडीनें जें नष्ट होतें तेंही या इमारतीचेंच अंग आहे.

शेवटचें स्थळ बारा कमान. दुसऱ्या अलीनें आपल्या समाधीसाठीं बापाच्या घुमटाशीं स्पर्धा करील अशी इमारत आरंभिली, आणि १६७२ त तो वारला तेव्हां ती अपुरीच राहिली. उंच ओट्यावर काळ्या दगडाच्या मोकळ्या कमानी उभ्या आहेत, वर आकाश आहे, आणि मध्यें त्याची कबर. लोक येथें संध्याकाळीं येऊन उद्ध्वस्त वैभव म्हणून हळहळतात. वास्तविक येथें कांहीं उद्ध्वस्त झालेलें नाहीं; जें होतें तें पुरें झालें नाहीं, इतकेंच. शिकणाराच्या दृष्टीनें तर हें भाग्य आहे. पुऱ्या झालेल्या इमारतीचा सांगाडा गिलाव्याखालीं झांकून जातो; येथें कमान कशी उभी राहते, तिची जाडी किती, दगड कसे बसविले, हें सारें उघडें आहे. मिस्त्री तेथून लवकर निघावयास तयार होईनात. त्यानंतर चौदा वर्षांतच राज्य संपलें, आणि ती विद्याही तेथेंच थांबली. शंभर वर्षांत एका कमानीपासून गोलघुमटापर्यंत आलेले ते गवंडी आणखी पुढें कोठवर गेले असते, असें मनांत आल्यावांचून राहात नाहीं.

मीं वर्गांत अफझलखानाचा पाठ आवेशानें शिकविला, आणि तो तसाच शिकवावा. परंतु ज्या दरबाराशीं आपले पूर्वज लढले, आणि ज्याच्या चाकरींत त्यांतले कित्येक वाढलेही, त्या दरबारानें काय बांधलें हें मुलांना न दाखवितां मीं इतिहास शिकविला, ही माझी उणीव होती. तशीच उणीव आपली होऊं नये म्हणून अखेरीस चार सूचना करतों. विजापुरास एका दिवसासाठीं जाऊं नका. निदान दोन रात्री राहा. गगनमहाल, जामा मशीद, इब्राहीम रोजा, गोलघुमट आणि बारा कमान, हाच क्रम ठेवा. गोलघुमटाच्या सज्जांत सकाळीं पहिल्यानें जा, आणि तेथें हळू बोला. आणि बरोबर मुलें असतील तर त्यांना आधीं कागदावर तो चौरस, त्या आठ खुणा आणि ते दोन अडकलेले चौरस काढावयास लावा. मग तीं स्वतःच वर पाहून उत्तर शोधतील.

तो प्रश्न विचारणारा मुलगा आज चाळिशीच्या घरांत आला असेल. तो कोठें आहे, मला ठाऊक नाहीं. हें भाषण त्याच्या कानांवर पडलें तर त्यानें समजावें कीं गुरुजींनीं त्या दिवशीं उत्तर दिलें नव्हतें, टाळलें होतें. आणि खरें उत्तर आज उशिरा कां होईना, पण दिलें आहे.